छातीतील जळजळ : कारणे, उपाय आणि एक सावधगिरी

गावात एखाद्याच्या छातीत जळजळ होऊ लागली, की तो लगेच डॉक्टरांकडे जातो असे नाही. घरातील वडीलधारी मंडळी, शेजारी आणि पुष्कळदा शाळेतील गुरुजी किंवा बाई ह्यांना तो विचारतो, "पित्त झाले आहे, काय घेऊ?" प्रश्न साधा दिसतो, परंतु उत्तर देणाऱ्यावर त्यामुळे एक जबाबदारी येऊन पडते. बहुतेक वेळा ही जळजळ घटका-दोन घटकांत शमणारी व निरुपद्रवी असते. क्वचित मात्र तिच्या आड हृदयाचा विकार दडलेला असतो, आणि अशा वेळी चिमूटभर सोडा देऊन माणसाला घरी पाठविणे म्हणजे त्याचा अत्यंत मोलाचा वेळ दवडणे होय. म्हणून हा विषय शिक्षकांनी प्रथम स्वतः नीट समजून घ्यावा आणि मग वरच्या वर्गांतील मुलांना पचनसंस्थेच्या पाठाला जोडून समजावून द्यावा, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आरंभी शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. 'पित्त' ह्या एका शब्दावर आपण फार भार टाकला आहे. अंगावर लाल गांधी उठल्या तर आपण 'पित्त उठले' म्हणतो. डोके दुखून कडू उलटी झाली तर 'पित्त पडले' म्हणतो. आणि घशाशी आंबट पाणी आले तर 'पित्त झाले' म्हणतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकातील पित्त ह्या सर्वांहून निराळे. तो यकृतात तयार होणारा व पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा कडू रस होय. आयुर्वेदात पित्त हा त्रिदोषांपैकी एक दोष असून त्याचा अर्थ पुष्कळच व्यापक आहे. 'अम्लपित्त' ह्या विकाराला माधवनिदानात स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. शब्द एकच असल्यामुळे उपायांचीही सरमिसळ होते. गांधींवर आमसुलाचे पाणी लावतात, त्याचा जठरातील आम्लाशी काही संबंध नाही. ह्या लेखात आपण फक्त छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या मागे होणारी जळजळ आणि तिच्याबरोबर घशाशी येणारे आंबट पाणी एवढाच विचार करणार आहोत.

आम्ल हे शत्रू नव्हे

जळजळ आम्लाने होते हे ऐकून मुलांचा असा समज होतो, की जठरात आम्ल असणे हाच रोग आहे. तो प्रथम दूर करावा. निरोगी माणसाच्या जठरात दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन लिटर जठररस पाझरतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. विल्यम प्राउट ह्या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण प्रसंग घडला होता. १८२२ च्या जून महिन्यात मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट ह्यांनी त्याचा जीव वाचविला, पण जखम पुरती बुजली नाही. बाहेरून थेट जठरात जाणारे एक छिद्र कायम राहिले. त्या छिद्रातून बोमाँट ह्यांनी दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले, जठररस काढून तो कुपीत उबदार ठेविला व त्यात मांस विरघळते हे पाहिले. त्यांचे पुस्तक १८३३ साली प्रसिद्ध झाले. मुलांना ही हकीकत फार आवडते. मात्र तो तरुण गरीब होता, आणि हे प्रयोग त्याने हौसेने करू दिले असे म्हणता येत नाही, हेही त्यांना सांगितले पाहिजे.

मग मांस विरघळविणारा हा रस जठरालाच का पोळीत नाही? ह्याचे कारण जठराच्या आतील अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा जाड थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारा क्षार सतत मिसळत असतो. अन्ननलिकेला असे चिलखत नाही. ती केवळ अन्न खाली पोहोचविण्याची वाट आहे. जठरात निमूटपणे काम करणारा तोच रस दोन-चार अंगुळे वर अन्ननलिकेत चढला, की जळजळ होते. आम्ल फार झाले म्हणून नव्हे, तर आम्ल भलत्या ठिकाणी गेले म्हणून बहुधा हा त्रास होतो. ही एक गोष्ट मनात ठसली, तर पुढील सर्व उपाय पाठ न करताही सुचू लागतात.

झडप आणि तेलाचा कॅन

अन्ननलिका मोठ्या माणसात सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. छाती व पोट ह्यांच्यामध्ये जे श्वासपटल आहे, त्यातील छिद्रातून ती खाली उतरते व जठराला मिळते. ह्या संगमाजवळ स्नायूंचे एक आवळते कडे असते. सोयीसाठी आपण त्याला झडप म्हणू. घास आला की ती उघडते, घास गेला की मिटते. श्वासपटलाचे स्नायूही तिला बाहेरून आवळून धरतात. ढेकर येण्यासाठी ती मधून मधून सैल होते. पोट तुडुंब भरलेले असताना ती अधिक वेळा सैल होते, आणि वायूबरोबर रसही वर येतो. त्यानंतर आपण गिळलेली लाळ हे आम्ल धुऊन काढते, कारण लाळेतही थोडा क्षार असतो. झोपेत लाळ कमी सुटते व गिळणेही थांबल्यासारखे होते. म्हणून रात्रीची जळजळ अधिक वेळ टिकते.

हे वर्गात दाखविण्यास महागडे साहित्य नको. शाळेच्या स्वयंपाकघरातून खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन मागून घ्यावा. मात्र त्याचे तोंड मधोमध नसून एका कडेला असले पाहिजे. त्यात निम्म्याहून थोडे कमी पाणी भरावे व झाकण अगदी सैल ठेवावे. कॅन उभा असताना पाणी बाहेर येत नाही. आता तो तोंडाच्या कडेवर आडवा करावा. पाणी ठिबकू लागेल. नंतर विरुद्ध कडेवर आडवा करावा; तोंड पाण्याच्या वर राहील व थेंबही पडणार नाही. ह्यानंतर कॅन जवळजवळ पूर्ण भरून तोच प्रयोग करावा, म्हणजे कोणत्याही कडेवर आडवा केला तरी पाणी सांडते हे दिसेल. शेवटी भरलेला कॅन उभा ठेवून दोन्ही बाजूंनी दाबावा. घट्ट पट्टा किंवा करकचून आवळलेली नाडी पोटाला काय करते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

ह्या प्रयोगातून डाव्या कुशीचे महत्त्व आपोआप कळते. जठराचा फुगीर भाग पोटाच्या डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला उजव्या अंगाने येऊन मिळते. डाव्या कुशीवर निजले असता जठर खाली व त्याचे तोंड वर राहते. उजव्या कुशीवर ह्याच्या उलट होते. झोपेत अन्ननलिकेतील आम्ल मोजून पाहिले असता डाव्या कुशीवर ते लवकर ओसरते, असे दिसून आले आहे. आपल्याकडे भोजनोत्तर विश्रांतीला वामकुक्षी म्हणतात. 'वाम' म्हणजे डावा, 'कुक्षी' म्हणजे कूस. कालांतराने आपण त्यातील 'वाम' विसरलो आणि झोप तेवढी ठेविली. तथापि ज्याला वारंवार घशाशी येते त्याने जेवणानंतर दोन-तीन तास कोणत्याही कुशीवर न निजणेच बरे.

जळजळ केव्हा होते

सर्वांत मोठे कारण म्हणजे एका वेळी फार जेवणे आणि लगेच आडवे होणे. लग्नसराईत रात्री उशिराची पंगत, तळलेले पदार्थ, वर आग्रह, आणि घरी येताच अंथरूण. ह्यापुढे झडपेचे काही चालत नाही. तेलकट व तुपकट अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते. उपवासाच्या दिवशी अनेकांना त्रास होतो, ह्याचेही नवल नाही: दिवसभर रिकाम्या पोटी चहा आणि सायंकाळी शेंगदाण्याच्या कुटाने व तुपाने जड झालेली साबुदाण्याची खिचडी. न्याहरी करून लगेच भातलावणीला किंवा खुरपणीला वाकणाऱ्या स्त्रियांना घशाशी येते, त्याचे कारण वाकण्यात आहे. खाल्लेल्या भाकरीत नव्हे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैल होते आणि वाढता गर्भ जठर वर रेटतो. प्रसूतीनंतर हा त्रास बहुधा आपोआप जातो. पोटावर चढलेली चरबी जठराला सारखी दाबत राहते, म्हणून वजन उतरले की पुष्कळांची जळजळही उतरते.

तंबाखूतील निकोटीनने झडप सैल पडते. विडी असो वा मळलेली चिमूट, फरक नाही. मद्यानेही तेच होते. (तंबाखूच्या बाबतीत आपल्यापैकी काहींनी प्रथम आपला खिसा तपासून पाहावा.) जेवणानंतर पेपरमिंटची गोळी चघळल्याने बरे वाटते अशी समजूत आहे; प्रत्यक्षात पुदिन्याच्या तेलाने झडप ढिली होते व जळजळ वाढण्याचा संभव असतो. तिखट, चहा, टोमॅटो, लिंबू ही सर्वांना सारखीच बाधतात असे नाही. ज्याला जे बाधते ते त्याने ओळखावे. सरसकट पथ्याची लांबलचक यादी देऊन गरिबाच्या ताटातील दोन चवी काढून घेऊ नयेत.

उपाय

जळजळ सुरू होताच उठून बसावे किंवा सावकाश फिरावे, कंबरेचे वस्त्र सैल करावे, घोट-घोट साधे पाणी प्यावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. रात्री त्रास होणाऱ्याने झोपण्यापूर्वी तीन तास जेवण उरकावे. खाटेच्या उशाकडील दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान व पोट मात्र मुडपते. लाभ होत नाही. जमिनीवर निजणाऱ्याने गोधड्यांच्या घड्या कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत्या लावून उतार करावा.

थंड दुधाने क्षणभर निवते हे खरे. परंतु दूध पचविण्यासाठी जठर पुन्हा आम्ल सोडते. रात्री झोपताना पेलाभर दूध हा जळजळीवरील उपाय मानू नये.

खाण्याच्या सोड्याने आम्ल तत्काळ मारले जाते. हेही वर्गात दाखविता येते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला की ते तांबडे होते. त्यात लिंबाचा रस थेंब थेंब सोडला, की फेस येतो आणि पाणी पुन्हा पिवळे होते. आम्ल व क्षार ह्यांनी एकमेकांना कसे संपविले हे मुले डोळ्यांनी पाहतात. फेस कर्बवायूचा असतो. जठरातही तोच वायू सुटतो, म्हणूनच सोडा घेतल्यावर मोठी ढेकर येते. ह्यास्तव तुडुंब भरलेल्या पोटावर सोडा घेऊ नये. दुसरे असे, की अर्धा चहाचा चमचा सोड्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमहून कमी सांगितली आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. लहान मुलांना तर देऊच नये. धुण्याचा सोडा हा सर्वस्वी निराळा दाहक पदार्थ आहे. दोन्ही पुड्या एकाच फडताळात ठेवू नयेत.

औषधांच्या दुकानात मिळणारी आम्लनाशक पातळ औषधे व चघळण्याच्या गोळ्या प्रसंगोपात्त घेण्यास हरकत नाही. त्यांतील मॅग्नेशियमने शौचास पातळ होते, तर ॲल्युमिनियमने घट्ट. म्हणून पुष्कळ औषधांत दोन्ही एकत्र घालतात. ही औषधे आणि लोहाच्या गोळ्या ह्यांच्यामध्ये निदान दोन तासांचे अंतर असावे, नाही तर लोह अंगी लागत नाही. ओमेप्राझोल व त्याच्या जातीच्या गोळ्या आम्ल तयार होणेच कमी करतात. त्या सकाळच्या न्याहरीपूर्वी अर्धा तास घ्यावयाच्या असतात आणि त्यांचा पूर्ण गुण येण्यास एक ते चार दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर तातडीचा उपाय म्हणून त्या निरुपयोगी होत. डॉक्टरांना न विचारता त्या महिनोन्महिने घेत राहणेही अयोग्य आहे.

जी जळजळ नव्हे

आता ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. समजा, पहाटेच्या सुमारास पन्नाशी ओलांडलेला, मधुमेह असलेला एक शेतकरी तुमच्या दारात येतो. छातीत जळते आहे, अस्वस्थ वाटते आहे, रात्री वांग्याची भाजी खाल्ली होती, तेव्हा पित्तच असावे, असे तो म्हणतो. त्याला घाम सुटला आहे. तुमच्या घरात सोडा आहे. अशा वेळी काय करावे?

हृदय व अन्ननलिका ही एकमेकांना लागून आहेत, आणि दोहोंकडून वेदनेची वर्दी नेणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागात शिरतात. त्यामुळे दुखणे नेमके कोठले हे रोग्याच्या मेंदूलाच उमगत नाही. चुकणारा माणूस अडाणी असतो असे नव्हे. शिकलेले आणि स्वतः डॉक्टर असलेलेही येथे चुकतात. साधी जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा निजल्यावर होते, खालून वर घशाकडे चढते आणि आंबट पाणी घेऊन येते. हृदयाचे दुखणे पुष्कळदा छातीवर ओझे ठेविल्यासारखे किंवा आवळल्यासारखे असते. ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत पसरते. श्रमाने, चढ चढताना वाढते. त्याबरोबर घाम, धाप, घेरी किंवा मळमळ असते. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया ह्यांच्यात ही चिन्हे अपुरी असू शकतात. नुसती अस्वस्थता, थकवा व पोटाच्या वरच्या भागातील कळ एवढेच कित्येकदा दिसते.

सोडा किंवा आम्लनाशक दिल्याने बरे वाटले, तरी दुखणे हृदयाचे नव्हते असे सिद्ध होत नाही. हृदयाची कळही थोडा वेळ ओसरून पुन्हा येऊ शकते. सोडा देऊन वाट पाहणे ही परीक्षा नव्हे. संशय येताच रोग्याला बसवावे, त्याला चालू देऊ नये, स्वतः मोटारसायकल चालवीत तर मुळीच जाऊ देऊ नये, आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. हृदयाचा विद्युत आलेख जेथे काढता येतो अशा जवळच्या रुग्णालयात त्याला पोहोचवावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते, आणि त्यातही जितके लवकर तितका हृदयाचा स्नायू अधिक वाचतो. तपासणीअंती ते पित्तच निघाले, तर चार माणसे हसतील. हसू द्यावीत.

ह्याखेरीज आणखी काही चिन्हे तातडीची नसली तरी दुर्लक्षिण्यासारखी नाहीत: घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसता वजन उतरणे, रक्त कमी होणे, आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा त्रास होत असेल तर ती प्रसंगोपात्त जळजळ राहिली नाही. डॉक्टरांना दाखविले पाहिजे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काळपट पाणी पडले अथवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, त्याची भीती नको, परंतु तो डांबरासारखा चिकट व दुर्गंधी नसतो.) अंगदुखीवर ऊठसूट घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराचे अस्तर खरवडले जाते व व्रण होतात. ज्याला अशा गोळ्यांची सवय आहे त्याची पोटातील आग ही साधी आग समजू नये.

शाळेपुरते

लहान मुलांना जळजळ हा शब्द सापडत नाही. ती 'पोट दुखते' एवढेच सांगतात. मधल्या सुटीत भरपेट जेवण झाल्यावर लगेच कवायतीचा तास ठेविला व त्यात सूर्यनमस्कार किंवा पुढे वाकण्याचे व्यायाम घेतले, तर काही मुलांच्या घशाशी अन्न येणारच. वेळापत्रक करताना हा तास सकाळी किंवा शाळा सुटण्यापूर्वी घालावा.

शाळेत आठवड्यातून एकदा ज्या लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, प्राथमिकच्या मुलांना गुलाबी व सहावीपासून पुढे निळ्या, त्या रिकाम्या पोटी दिल्यास मळमळ व जळजळ होते आणि मग पुढच्या आठवड्यात मुले गोळी खिडकीबाहेर टाकतात. जेवणानंतर, बसून किंवा उभे राहून, पुरेशा पाण्याबरोबर गोळी द्यावी. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून तेथेच पोळू शकते. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना डॉक्सिसायक्लिन देण्यात येते, त्याच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. ते घेऊन निदान अर्धा तास आडवे होऊ नये, असे घरी सांगण्यास मुलांना सुचवावे.

पाठाच्या शेवटी मुलांना तीन प्रश्न द्यावेत. जठर स्वतः का पोळत नाही? कॅन कोणत्या कडेवर ठेविला असता पाणी सांडले नाही, आणि का? आजोबांच्या छातीत दुखू लागले, घाम सुटला आणि ते सोडा मागू लागले, तर तू कोणता क्रमांक फिरविशील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून घेण्यापेक्षा प्रत्येक मुलाकडून तोंडी म्हणवून घ्यावे.